इंटरशॉप: पूर्व जर्मनीतील शुल्कमुक्त दुकानांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व जर्मनी, म्हणजे अधिकृत नावाने जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, हे राज्य १९४९ ते १९९० या काळात अस्तित्वात होते. त्या राज्यात सरकारनेच उघडलेली, सरकारनेच चालवलेली आणि तरीही सरकारने छापलेला पैसा न स्वीकारणारी दुकाने होती, हे प्रथमच ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. या दुकानांची सुरुवात कशी झाली, ती कोणासाठी होती, त्यांतून काय साधले आणि ती कशी संपली, याविषयी वाचकांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

इंटरशॉप म्हणजे नेमके काय?

इंटरशॉप ही पूर्व जर्मनीतील सरकारी दुकानांची साखळी होती. तेथे पाश्चात्त्य देशांतील माल, आणि काही प्रमाणात पूर्व जर्मनीतच बनलेला निवडक माल, केवळ परिवर्तनीय परकीय चलनात विकला जात असे. परिवर्तनीय चलन म्हणजे जे जगाच्या बाजारात कोठेही बदलून मिळते असे चलन. व्यवहारात त्याचा अर्थ बहुतेक वेळा पश्चिम जर्मनीचा डॉइचमार्क असाच होता, जरी डॉलर, स्विस फ्रँक वगैरे चलनेही घेतली जात. पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या मार्कला त्या दुकानांत काडीची किंमत नव्हती.

ही दुकाने प्रथम कोठे आणि कोणासाठी उघडली?

सुरुवात बंदरांपासून झाली. १९५०च्या दशकाच्या मध्यास बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावरील रोस्टोक आणि विस्मार या बंदरांत परदेशी जहाजांवरील खलाशांसाठी विक्रीची सोय करण्यात आली. खलाशी किनाऱ्यावर उतरतो, त्याच्या खिशात परकीय चलन असते आणि त्याला सिगारेट, दारू व घरी न्यायला काहीतरी वस्तू हवी असते, हे जगातील कोणत्याही बंदराला ठाऊक असते. त्यात साम्यवादी असे काहीच नव्हते. शेजारच्या पोलंडमध्ये याच कामासाठी ग्डिनिया बंदरात 'बाल्टोना' ही कंपनी १९४६ मध्येच स्थापन झालेली होती.

खरे वळण आले ते बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर. १३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद झाली आणि त्यानंतर, १९६२ मध्ये, इंटरशॉपला स्वतंत्र व्यापारी संघटनेचे रूप देण्यात आले. दुकाने मग बंदरांपुरती उरली नाहीत. पूर्व बर्लिनमधील फ्रीडरिशश्ट्रासे स्थानक, श्योनेफेल्ड विमानतळ, परदेशी पाहुण्यांसाठीची 'इंटरहोटेल' ही हॉटेले, पश्चिम बर्लिनकडे (म्हणजे पूर्व जर्मनीने चहूबाजूंनी वेढलेल्या, पण पश्चिमेच्या ताब्यातील शहरभागाकडे) जाणाऱ्या महामार्गांवरील थांबे आणि वर्षातून दोनदा आंतरराष्ट्रीय व्यापारी जत्रा भरणारे लाइपझिग शहर, अशा जेथे जेथे पाश्चात्त्य माणूस पाऊल टाकत असे त्या त्या ठिकाणी ती दिसू लागली.

साम्यवादी राज्याला परकीय चलनाची एवढी निकड का होती?

हा प्रश्न नीट समजून घेतल्याशिवाय इंटरशॉपचे कोडे सुटत नाही. पूर्व जर्मनीचा मार्क हे देशांतर्गत चलन होते. सीमेबाहेर त्याला कोणी विचारत नव्हते आणि तो देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी होती. सोव्हिएत संघ व इतर समाजवादी देशांशी होणारा व्यापार आपसांतील हिशेबावर चाले. म्हणजे अमुक इतकी यंत्रे दिली, त्याबदल्यात अमुक इतके तेल घेतले, अशी खाती मांडून वर्षाअखेरीस मेळ बसवायचा.

भारताशी असलेला व्यापारही याच पद्धतीचा होता. भारताने पूर्व जर्मनीला राजनैतिक मान्यता ८ ऑक्टोबर १९७२ रोजी दिली, पण रुपयांत हिशेब ठेवून होणारा व्यापार त्याआधीपासून सुरू होता. जुन्या पिढीतील मराठी छायाचित्रकारांना 'ओर्वो' ही कृष्णधवल फिल्म आठवत असेल. ती पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथे बने आणि तिच्यासाठी भारताला दुर्मिळ डॉलर मोजावे लागत नसत, हे तिच्या येथील प्रसाराचे एक मोठे कारण होते. आपल्याला ही व्यवस्था सोयीची होती. पूर्व जर्मनीला मात्र अशा खात्यावर जमलेल्या रुपयांतून चहा, कातडी वस्तू किंवा कापड घेता येई, पण पश्चिम जर्मनीतील कारखान्याचे यंत्र, जपानी विद्युत सामग्री किंवा जागतिक बाजारातील कॉफी घेता येत नसे. त्यासाठी डॉइचमार्क किंवा डॉलरच लागत. निर्यातीतून ते पुरेसे मिळत नव्हते, कर्जे वाढत होती, आणि म्हणून ज्या ज्या फटीतून परकीय चलन आत येऊ शकते ती प्रत्येक फट सरकारला मोलाची वाटू लागली. ग्राहकाची सोय पाहण्यासाठी इंटरशॉप कधीच उघडले गेले नव्हते. ते चलन गोळा करण्याचे यंत्र होते, आणि माल हे त्या यंत्रातले आमिष होते.

फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकाचे नाव या संदर्भात वारंवार का येते?

कारण तेथील भूगोलच विलक्षण होता. पश्चिम बर्लिनच्या काही भुयारी रेल्वेमार्गांना शहराच्या मध्यभागी पूर्व बर्लिनच्या पोटातून जावे लागे. भिंत बांधल्यावर त्या मार्गांवरील पूर्वेकडची स्थानके बंद करण्यात आली. गाड्या अंधाऱ्या फलाटांवरून न थांबता पुढे जात, म्हणून लोक त्यांना भुतांची स्थानके म्हणू लागले. अपवाद होता फ्रीडरिशश्ट्रासेचा. तेथे गाड्या थांबत, प्रवासी उतरून दुसऱ्या मार्गाची गाडी पकडत, आणि या सगळ्यात पूर्व जर्मनीची पारपत्र तपासणी ओलांडावी लागत नसे. म्हणजे माणूस पूर्व बर्लिनच्या भूमीत असे, पण पूर्व जर्मनीत 'प्रवेश' केलेला नसे.

याच फलाटांवर आणि जोडमार्गांवर इंटरशॉपच्या टपऱ्या होत्या. पश्चिम बर्लिनमधील रहिवासी तिकीट काढून येई, सिगारेटचे कार्टन आणि दारूची बाटली घेई आणि पुढच्या गाडीने घरी जाई. पश्चिम जर्मनीत तंबाखू आणि मद्यावर जे कर लागत ते येथे लागत नसल्याने भावातला फरक चांगलाच होता. पूर्व जर्मन सरकारच्या दृष्टीने हा आदर्श ग्राहक होता. त्याला व्हिसा द्यावा लागत नव्हता, त्याच्यावर पाळत ठेवावी लागत नव्हती, आणि पैसे देऊन तो आपोआप निघून जात होता.

मग पश्चिम बर्लिनच्या जकात खात्याने हे चालू कसे दिले?

येथे राजकारण आड आले. पश्चिम जर्मनीची अधिकृत भूमिका अशी होती की जर्मनी हे एकच राष्ट्र आहे, त्याचे दोन भाग ही तात्पुरती स्थिती आहे, आणि त्यांच्यामधली रेषा ही परराष्ट्राची सीमा नाही. आता सीमाच नाही म्हटल्यावर तेथे कायमची जकात चौकी थाटायची कशी? चौकी थाटणे म्हणजे आपण स्वतंत्र राष्ट्र आहोत हा पूर्व जर्मनीचा दावा अप्रत्यक्षपणे मान्य करणे झाले असते. न थाटावी तर करचुकवेगिरी डोळ्यांदेखत होत होती. त्यातून निघालेला मध्यम मार्ग असा, की पश्चिमेकडील जकात अधिकारी गाड्यांमध्ये आणि स्थानकांवर अधूनमधून अचानक तपासणी करत आणि मर्यादेबाहेरचा माल सापडल्यास कर व दंड वसूल करत. धंदा त्यामुळे थांबला नाही. तत्त्वाला धरून बसल्याने प्रतिपक्षाच्या गल्ल्यात भर पडावी, असे हे एक मासलेवाईक उदाहरण आहे.

दुकानांत काय काय मिळत असे?

कॉफी, चॉकलेट, सुगंधी साबण, अत्तरे, सिगारेट, व्हिस्की, स्त्रियांचे पायमोजे, जीन्स, लहान मुलांच्या खेळण्यातील मोटारी, गणकयंत्रे, ट्रान्झिस्टर, कॅसेट रेकॉर्डर आणि त्यांच्या कोऱ्या कॅसेट. यादी वाचून आजच्या वाचकाला त्यात विशेष काही वाटणार नाही. पण पूर्व जर्मनीच्या बहुतेक भागांत पश्चिमेकडील दूरचित्रवाणी दिसत असे, तिच्यावर रोज संध्याकाळी याच वस्तूंच्या जाहिराती लागत, आणि त्या वस्तू प्रत्यक्ष पाहण्याचे ठिकाण म्हणजे इंटरशॉपची मांडणी.

त्या काळातून गेलेली माणसे आठवणी सांगताना वस्तूंच्याही आधी वासाचा उल्लेख करतात. साबण, कॉफी, चॉकलेट आणि तंबाखू यांचा मिळून झालेला तो दरवळ दार उघडताच अंगावर येई. बाहेरच्या सरकारी दुकानांत तसा वास नसे, आणि त्यामुळे 'पश्चिमेचा वास' असाच त्याचा उल्लेख होत राहिला.

भाव डॉइचमार्कमध्ये छापलेले असत आणि बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत ते पश्चिम जर्मनीतील भावांपेक्षा कमी ठेवलेले असत. ग्राहकाने पलीकडे खरेदी न करता येथे करावी, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

पूर्व जर्मनीच्या सामान्य नागरिकांना तेथे खरेदी करता येत होती का?

आरंभी नाही. परकीय चलन जवळ बाळगणे हेच नागरिकांसाठी नियमबाह्य होते, त्यामुळे दुकानात जाऊन नोट पुढे करणे म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली देण्यासारखे होते. तरीही नातेवाइकांकडून नोटा येतच होत्या. त्या गाद्यांखाली आणि पुस्तकांच्या पानांत पडून राहत, आणि सरकारला त्यांचा उपयोग होत नसे.

१९७१ मध्ये एरिक होनेकर सत्तेवर आले. १९७२ मध्ये दोन्ही जर्मन राज्यांमध्ये मूलभूत करार झाला, प्रवासाचे नियम सैल झाले आणि पश्चिमेकडून भेटीस येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्याबरोबर डॉइचमार्कही आले. मग सरकारने परकीय चलनाचा कायदा बदलला, आणि १ फेब्रुवारी १९७४ पासून नागरिकांना परकीय चलन बाळगण्याची व इंटरशॉपमध्ये खर्च करण्याची मुभा मिळाली. कालपर्यंत जो अपराध होता तो आज ग्राहकाचा हक्क झाला. विचारसरणीत त्यामुळे तसूभरही फरक पडल्याचे कोणी म्हटले नाही. केवळ गादीखालच्या नोटा तिजोरीत आणायच्या होत्या.

नागरिकांकडे डॉइचमार्क येत कोठून?

मुख्यतः नात्यागोत्यातून. फाळणीमुळे असंख्य कुटुंबे दोन राज्यांत विभागली गेली होती. पश्चिमेकडची आत्या किंवा काका भेटीस आले की जाताना हातात नोट ठेवत. १९६४ पासून पूर्व जर्मनीतील निवृत्तिवेतनधारकांना पश्चिमेकडे नातेवाइकांना भेटण्यास जाऊ दिले जाई, आणि आजी परत येताना नातवंडांसाठी काही ना काही घेऊन येई. याखेरीज हॉटेलांतील वाढपी, टॅक्सीचालक आणि लाइपझिगच्या जत्रेच्या काळात घरातील खोली भाड्याने देणारी कुटुंबे यांनाही बक्षिसी किंवा भाडे डॉइचमार्कमध्ये मिळे.

उरलेल्यांसाठी काळाबाजार होता. कागदोपत्री एक पूर्व मार्क म्हणजे एक डॉइचमार्क. १९६४ पासून पाश्चात्त्य पाहुण्यांना दररोज ठराविक रक्कम याच दराने सक्तीने बदलून घ्यावी लागे, आणि १९८० मध्ये ही रक्कम दिवसाला २५ डॉइचमार्क करण्यात आली. प्रत्यक्षात हातोहात होणाऱ्या व्यवहारात एका डॉइचमार्कसाठी चार-पाच पूर्व मार्क द्यावे लागत, कधी त्याहूनही अधिक. १९८०च्या दशकाच्या मध्यास सरासरी मासिक पगार हजार-अकराशे मार्कांच्या आसपास होता. म्हणजे शंभर डॉइचमार्कांची एक नोट बाजारातून घ्यायची तर जवळजवळ अर्ध्या महिन्याची कमाई मोजावी लागे. ज्या राज्यात पावाचा छोटा गोळा पाच फेनिगला (शंभर फेनिगांचा एक मार्क) आणि पूर्व बर्लिनच्या ट्रामचे तिकीट वीस फेनिगला मिळत होते, त्या राज्यात ही विषमता फारच डोळ्यांत भरणारी होती.

दुकानांची मालकी आणि कारभार कोणाकडे होता?

१९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या परराष्ट्र व्यापार मंत्रालयात 'व्यापारी समन्वय' नावाचा एक विभाग स्थापन झाला. जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून तो 'कोको' म्हणून ओळखला जाई. त्याचे प्रमुख अलेक्झांडर शाल्क-गोलोडकोव्स्की हे मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी तर होतेच, शिवाय श्टाझी या गुप्तचर संस्थेचेही अधिकारी होते. नेहमीच्या पंचवार्षिक योजनेच्या चौकटीबाहेर राहून, कोणत्याही मार्गाने, परकीय चलन मिळवणे हे या विभागाचे काम होते. त्यात कलावस्तू आणि जुन्या दुर्मिळ वस्तूंची विक्री होती, शस्त्रास्त्रांचा व्यापार होता, आणि पश्चिम जर्मनी राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी जे मोल देई त्याचा हिशेबही होता. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे नेते फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांच्या मध्यस्थीने पूर्व जर्मनीला जे एक अब्ज डॉइचमार्कांचे कर्ज मिळाले, त्याची बोलणी पूर्वेकडून शाल्क यांनीच केली होती.

इंटरशॉप याच छत्राखाली होते. १९७६ मध्ये त्यासाठी 'फोरम' नावाची परराष्ट्र व्यापार कंपनी स्थापन झाली. ती मर्यादित दायित्वाची कंपनी होती, म्हणजे कायद्याने भांडवलशाही जगातील कंपनीसारखीच. विक्री पुढे वर्षाला एक अब्ज डॉइचमार्कांच्या घरात पोहोचली. यांपैकी मालाच्या खरेदीवर जाणारा भाग वजा केल्यावर उरणारी रक्कम थेट राज्याच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत पडे. निर्यातीतून तेवढी निव्वळ रक्कम कमावण्यासाठी कारखान्यांना किती राबावे लागले असते, हे पाहता पक्षातील कट्टर मंडळीही या दुकानांबाबत गप्प का राहत हे समजते.

'फोरम चेक' म्हणजे काय, आणि ते का काढले गेले?

१६ एप्रिल १९७९ पासून पूर्व जर्मनीच्या नागरिकांना इंटरशॉपमध्ये रोख डॉइचमार्क देता येईनासे झाले. त्यांनी आधी सरकारी बँकेत जाऊन आपल्या नोटा जमा करायच्या, त्याबदल्यात तेवढ्याच मूल्याचे फोरम चेक घ्यायचे आणि ते दुकानात द्यायचे, असा नियम झाला. पन्नास फेनिगपासून पाचशे मार्कांपर्यंतच्या मूल्यांचे हे छापील कागद दिसायला छोट्या नोटांसारखेच होते. परदेशी ग्राहकांना मात्र पूर्वीप्रमाणेच रोख रक्कम देता येत होती. एकाच दुकानात, एकाच काउंटरवर, एकाच साबणासाठी परक्याने नोट द्यावी आणि देशवासीयाने चेक द्यावा, हे दृश्य तेव्हापासून नित्याचे झाले.

सरकारचा हेतू उघड होता. चेक घेताच खरे चलन बँकेत जमा होई, मग माणूस ते चेक दुसऱ्या दिवशी खर्च करो की वर्षभर कपाटात ठेवो. शिवाय डॉइचमार्कच्या नोटा लोकांच्या हातातून हातात फिरून देशातले दुसरे चलन बनत चालल्या होत्या, त्याला आळा बसेल अशी आशा होती. ती फळली नाही. लोकांनी नोटाही फिरवल्या आणि चेकही. बाजारात एकाऐवजी दोन समांतर चलने झाली, इतकेच.

या दुकानांविषयी नेतृत्वाला काही संकोच वाटत होता का?

वाटत होता, आणि तो जाहीरपणे व्यक्तही झाला. सप्टेंबर १९७७ मध्ये ड्रेस्डेन येथील भाषणात होनेकर यांनी कबूल केले की ही दुकाने समाजवादाची कायमची सोबती नव्हेत. मात्र दरवर्षी लक्षावधी पाहुणे येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे चलन येते, या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करता येत नाही, असेही त्यांनी सांगितले. परकीय चलन ज्यांच्याकडे नाही त्यांच्या नाराजीवर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की 'एक्सक्विझिट' आणि 'डेलिकाट' या दुकानांचा विस्तार करायचा. तेथे उंची कपडे आणि निवडक खाद्यपदार्थ पूर्व जर्मनीच्याच मार्कमध्ये, पण बऱ्याच चढ्या भावाने मिळत. (पश्चिमेकडील दूरचित्रवाणीच्या लहरी न पोहोचणाऱ्या मोजक्या भागांत ड्रेस्डेनचे खोरे मोडे, आणि लोक त्याला 'अनभिज्ञांचे खोरे' म्हणत. इंटरशॉपचे समर्थन करण्यासाठी नेमके तेच शहर मिळावे, हा योगायोग मजेशीर आहे.)

त्या वर्षी सरकारला असे बोलावे लागले याला कॉफीही कारणीभूत होती. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याचे हिम पडून कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाले आणि जागतिक बाजारात भाव कडाडले. १९७७ मध्ये पूर्व जर्मन सरकारने परकीय चलन वाचवण्यासाठी स्वस्त कॉफी बाजारातून काढून घेतली आणि तिच्या जागी जवळजवळ अर्धा भाग भाजलेल्या धान्यासारख्या पर्यायी पदार्थांचा असलेले मिश्रण आणले. जर्मन माणूस बऱ्याच गोष्टी सहन करतो, पण दुपारच्या कॉफीशी खेळ त्याला खपत नाही. तक्रारींचा पाऊस पडला आणि लोकांनी त्या मिश्रणाला होनेकर यांच्या नावावरून चेष्टेचे नाव दिले. त्याच काळात इंटरशॉपच्या मांडणीत पश्चिमेकडची अस्सल कॉफी ऐटीत उभी होती. पैसा परका असेल तर कॉफीची टंचाई नाही, हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते.

सामान्य लोकांच्या रोजच्या जीवनावर याचा काय परिणाम झाला?

सर्वांत ठळक परिणाम कारागिरांच्या बाबतीत दिसला. नळ दुरुस्त करणारा, फरशी बसवणारा, मोटार नीट करणारा यांची पूर्व जर्मनीत नेहमीच वानवा होती, आणि त्यांना पूर्व मार्कचे फारसे अप्रूप नव्हते, कारण त्या मार्कांत घेण्यासारखे फारसे नव्हते. शंभर डॉइचमार्कांची नोट निळ्या रंगाची होती. त्यामुळे वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींत 'निळ्या फरश्या' देऊ केल्याचे किंवा हव्या असल्याचे लिहिले जाई आणि वाचणाऱ्याला मतलब समजे. फोरम चेक आल्यावर आणखी एक विनोद रूढ झाला. 'काय काम आहे?' अशा अर्थाने जर्मन माणूस 'वोरुम गेट्स?' असे विचारतो. नळ दुरुस्तीला बोलावलेला कारागीर म्हणे दूरध्वनीवर आधी 'फोरुम गेट्स?' असे विचारी, म्हणजे फोरम चेकने भागेल ना?

दुसरा परिणाम अधिक खोल होता. पक्षाच्या शिकवणुकीत समाजातील स्थान श्रमावरून ठरायचे. इंटरशॉपने ते नातेवाइकांवरून ठरवले. ज्याची मावशी हॅम्बर्गला आहे त्याच्या मुलाच्या पायात जीन्स असे, आणि ज्याचे सगळे गणगोत पूर्वेतच आहे, किंवा जो पक्षाच्या वा सैन्याच्या अशा पदावर आहे की पश्चिमेशी संपर्क ठेवणेच त्याला मना आहे, त्याचे मूल शाळेत मागे पडे. म्हणजे राज्याशी सर्वांत एकनिष्ठ असलेला माणूसच या दुकानाच्या दाराबाहेर राहिला. 'प्रत्येकाकडून त्याच्या क्षमतेनुसार, प्रत्येकाला त्याच्या मावशीच्या पत्त्यानुसार' अशी मार्क्सच्या प्रसिद्ध वचनाची विडंबित आवृत्ती लोकांच्या तोंडी होती. अत्युच्च नेत्यांना मात्र ही अडचण नव्हती. वांडलिट्झ येथील त्यांच्या बंदिस्त वसाहतीत पाश्चात्त्य माल वेगळ्या वाटेने पोहोचत होता, आणि १९८९च्या अखेरीस तो तपशील बाहेर आला तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला.

'गेनेक्स' आणि इंटरशॉप एकच का?

नाही. गेनेक्स ही १९५६-५७ च्या सुमारास सुरू झालेली भेटवस्तूंची सरकारी कंपनी होती. पश्चिमेकडील नातेवाइकाने सूचिपत्रातून वस्तू निवडायची, पैसे डॉइचमार्कमध्ये भरायचे आणि वस्तू पूर्वेकडील घरी पोहोचायची, अशी ती व्यवस्था. त्यातून थेट मोटारगाडीही देता येई. ज्या ट्राबांट गाडीसाठी सामान्य नागरिक दहा-बारा वर्षे प्रतीक्षायादीत असे, ती गेनेक्समार्फत काही आठवड्यांत दारात उभी राही.

इतर साम्यवादी देशांतही अशी दुकाने होती का?

होती, आणि या कल्पनेचा उगम पूर्व जर्मनीत नव्हता. सोव्हिएत संघात १९३१ ते १९३६ या काळात 'तोर्गसिन' ही दुकाने चालली. प्रारंभी ती परदेशीयांसाठी होती, पण लवकरच सोव्हिएत नागरिकांनाही त्यांत सोने, चांदी आणि परकीय चलन देऊन खरेदी करू दिली गेली. १९३२-३३ च्या भीषण दुष्काळात लोकांनी लग्नातल्या अंगठ्या, गळ्यातले क्रूस आणि चांदीचे चमचे देऊन तेथून पीठ नेले. त्या सोन्यातून औद्योगिकीकरणासाठी लागणारी परदेशी यंत्रे खरेदी झाली. इंटरशॉपच्या कहाणीला विनोदाची झालर आहे. तोर्गसिनच्या कहाणीला ती लावता येत नाही.

युद्धोत्तर काळात सोव्हिएत संघात 'बेर्योझ्का', चेकोस्लोव्हाकियात १९५७ पासून 'तुझेक्स', बल्गेरियात 'कोरेकोम' आणि पोलंडमध्ये १९७२ पासून 'पेवेक्स' अशी दुकाने होती. तुझेक्स आणि पेवेक्समध्ये चलनाऐवजी चालणाऱ्या कुपनांना 'बोन' म्हणत, आणि दुकानाबाहेर उभे राहून ती विकणारे दलाल हा दोन्ही देशांत एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला होता. पोलिश भाषेतले त्यांचे नाव 'चिंकचाश' हे इंग्रजीतील 'चेंज मनी' या पुकाऱ्याचा अपभ्रंश आहे. पेवेक्सशी जोडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये पकडला गेलेला पोलिश हेर मारियान झाखार्स्की याची जून १९८५ मध्ये पश्चिम बर्लिन आणि पोट्सडाम यांना जोडणाऱ्या ग्लिनिके पुलावर अदलाबदल झाली, आणि मायदेशी परतल्यावर तो पेवेक्सच्या व्यवस्थापनात वरिष्ठ पदावर बसला.

चीनमध्ये 'मैत्री दुकाने' होती आणि १९८० पासून परदेशीयांना वेगळी विनिमय प्रमाणपत्रे दिली जात. ती पद्धत १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली.

इंटरशॉप कधी आणि कसे बंद झाले?

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत खुली झाली. पश्चिम जर्मनीत पाऊल ठेवणाऱ्या पूर्वेकडच्या प्रत्येक नागरिकाला तेथील सरकार 'स्वागताचे पैसे' म्हणून १०० डॉइचमार्क देत असे. ते घेऊन लोक पश्चिम बर्लिनच्या साध्या दुकानांत गेले, आणि ज्या साबणाची आणि चॉकलेटची इतकी वर्षे इंटरशॉपमध्ये अपूर्वाई वाटत होती ती तेथे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या किराणा दुकानात रचून ठेवलेली त्यांनी पाहिली. २-३ डिसेंबरच्या रात्री शाल्क-गोलोडकोव्स्की पश्चिम बर्लिनला निघून गेले. त्यांच्या विभागाचा हिशेब तपासण्याचे काम पुढे संसदीय समित्यांना वर्षानुवर्षे पुरले.

१ जुलै १९९० रोजी चलन एकीकरण झाले आणि डॉइचमार्क हेच पूर्व जर्मनीचे अधिकृत चलन बनले. पगार एकास एक दराने बदलले गेले. बचतही वयानुसार २,०००, ४,००० किंवा ६,००० मार्कांपर्यंत त्याच दराने आणि त्यावरील रक्कम दोनास एक दराने बदलली गेली. आता प्रत्येक दुकान डॉइचमार्क घेत होते. इंटरशॉपला वेगळे असण्याचे कारणच उरले नाही, आणि ते बंद करण्यासाठी कोणाला वेगळा निर्णय घ्यावा लागला नाही.

आज 'इंटरशॉप' हे नाव कोठे दिसते?

जुन्या वस्तूंच्या संग्रहालयांत पिशव्या, भावपत्रके आणि फोरम चेक जपून ठेवलेले आहेत, आणि संग्राहकांच्या बाजारात ते चेक आजही विकले जातात. याखेरीज पूर्व जर्मनीतीलच येना शहरात १९९२ मध्ये काही तरुणांनी एक संगणक कंपनी काढली. आंतरजालावरील दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या या कंपनीने पुढे इंटरशॉप हेच नाव घेतले आणि ती अजूनही त्याच नावाने व्यवसाय करते. तिचा जुन्या दुकानांशी काही संबंध नाही, पण पूर्वेकडच्या ज्या पिढीने ते नाव निवडले तिला त्याचा पूर्वीचा अर्थ माहीत नसणे शक्य नव्हते.